विमानाचा ब्रेक

विमान उडवायला फारशी अक्कल लागत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. इंजिनात जोर असला आणि समोरून वारा असला तर जेवायचा पाटसुद्धा उडेल. परीक्षा असते ती खाली आणताना. हे मला कुणा विमानवाल्यानं शिकवलेलं नाही. मी कॅसलरॉकची. आमच्या गावातून रेल्वे घाट उतरून गोव्यात जाते आणि आमच्या घरात चढाच्या गोष्टी कधी निघायच्याच नाहीत. चढाचं काय, मागून आणखी एक इंजिन लावलं की गाडी चढते. गोष्टी असायच्या त्या उताराच्या. कुठल्या वळणाआधी ब्रेक धरायचा, कुठं सैल सोडायचा, रूळ ओले असले तर काय करायचं. अप्पा जेवताना ताटात भाताचा घाट करायचे आणि त्यावरून आमटी कशी उतरते ते दाखवायचे. आई म्हणायची, "जेवा आता. गाडी गार झाली."

अप्पा म्हणजे माझे वडील. मीटरगेजचे ड्रायव्हर. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मीटरगेज जाऊन मोठा रूळ येणार अशी बोलणी फलाटावर रोज व्हायची. अप्पांच्या मते मोठा रूळ आला तरी घाट तोच राहणार होता, त्यामुळं त्यांना काळजी नव्हती.

घात केला तो त्यांच्या उजव्या हातानं. आधी चहाची बशी वाजायला लागली. मग अप्पांनी बशी सोडली आणि पेल्यातून चहा घ्यायला लागले. पेल्यात तो जास्त वेळ गरम राहतो, असं आम्हाला सांगितलं. आई पेला अर्धाच भरायला लागली. डावा हात ठणठणीत होता, पण डॉक्टरांचं म्हणणं असं की कंप आज ना उद्या तिकडंही जाईल. तपासणीसाठी अप्पा हुबळीला गेले तेव्हा परवाच्या ड्युटीचा डबा काय करायचा ते आईला सांगून गेले होते. परत आले ते अनफिट होऊन. त्यांना रनिंग रूमवर, म्हणजे बाहेरगावचे ड्रायव्हर झोपायला येतात तिथं, देखरेखीचं काम मिळालं. पगार चालू, घर तेच. इंजिनावर पाऊल मात्र ठेवायचं नाही.

लोकांना वाटायचं, अप्पांना इंजिन सुटल्याचं दुःख आहे. ते होतंच. पण त्यांना जे सलत होतं ते वेगळं, आणि ते कळायला घाटातली एक रीत माहीत असायला हवी. आमच्याकडं एक ड्रायव्हर उतरून दुसरा चढला की उतरणारा तसाच निघून जात नसे. तो इंजिनाचा स्वभाव सांगायचा. ब्रेक जरा उशिरा धरतो. रुळावर वाळू सोडायची डावीकडची नळी चोंदते. बाकी गाडी ठीक. मग चढणारा म्हणायचा, "घेतली." हे 'घेतली' कानावर पडल्याशिवाय अप्पा जागचे हलत नसत, मग पाऊस असो की ताप असो. आणि त्यांनी शेवटची गाडी खाली नेऊन परत आणली त्या दिवशी इंजिन शेडलाच जाणार होतं. घेणारा कुणी नव्हता. ती शेवटची आहे हे अप्पांनाही ठाऊक नव्हतं. ते डबा उचलून घरी आले आणि आंघोळ करून झोपले.

"सगळ्या गाड्या कुणाच्या तरी हातात दिल्या बघ," एकदा मला म्हणाले, "त्येवढी एक द्यायची ऱ्हायली."

मी तेव्हा बेळगावात एका फाउंड्रीत ड्रॉइंग काढायचे. तिथल्या मालकांना रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांचा नाद. पंखांच्या फासळ्या कापायला त्यांना नीट हाताचं माणूस हवं होतं आणि सगळ्या कारखान्यात माझ्याइतकं नेमकं कापणारं कुणी नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, मालकच सांगायचे. फासळ्यांच्या बदल्यात त्यांनी मला उडवायला शिकवलं. पुढं त्यांनी नवा रेडिओ घेतला तेव्हा जुना मला दिला. मग मी माझं विमान बांधलं. पंख वर बसवलेले, अंग साधं, रंग पिवळा. शनिवारी ते चादरीत गुंडाळून मी गाडीनं घरी आणलं तेव्हा डब्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, सतार काय गं? मी व्हय म्हणाले. एवढ्या गर्दीत कोण समजावत बसणार.

उतरवायला जागा शोधणं हा आमच्या भागातला मोठाच प्रश्न. सगळीकडं रान. शेवटी वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक भातशेत सापडलं. तीन बाजूंना झाडं, चौथ्या बाजूला बांध आणि बांधाखाली व्हाळ, म्हणजे ओढा. शेताचा मालक आईला बहीण मानायचा, म्हणून माझा मामा. भात निघालं की मिरगापर्यंत शेत मोकळंच असायचं. मामानं लगेच होकार दिला. एकच अट, गवे येतात त्या वेळेला नको.

पहिल्याच खेपेला विमान उतरलं आणि भाताच्या खुंटांत चाक अडकून कोलांटी खाऊन पडलं. नाकावरचा पंखा तुटला. मला त्याचं काही वाटलं नाही, पण मामाच्या जिवाला फार लागलं. पुढच्या आठवड्यात जाऊन बघते तर शेताच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत खळं. खुंट उपटून, पाणी मारून, चोपण्यानं चोपून, वर शेणानं सारवलेलं. मळणी कधीच संपली होती. हे खळं नुसतं विमानासाठी होतं. बांधाकडच्या कडेला मामीनं रांगोळीची रेघसुद्धा ओढली होती.

"पाव्हण्याला खडबडीत जागेवर बसवत्यात काय?" मामा म्हणाला.

विमान त्या सारवलेल्या जमिनीला टेकलं आणि थांबायचं नाव घेईना. खुंटांत निदान अडत तरी होतं. इथं ते तेल लावल्यासारखं सरळ घसरत गेलं, बांधावरून उडालं आणि व्हाळात पडलं. मामाचं तोंड पडलं. मला त्याला सांगवेना की तुझी जमीन फारच चांगली झाली. अप्पा मात्र बांधावर बसून पोट धरून हसले. तपासणीनंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "हे खाली आणायला किती शिकावं लागतं?"

मी ओळखलं. व्हाळातून काढलेलं विमान आधी वाळवलं, इंजिन धुऊन पुन्हा चालतं केलं, आणि विमान खूप उंचावर नेऊन रेडिओची पेटी त्यांच्या गळ्यात अडकवली. पेटीला दोन दांड्या असतात. डावी इंजिनाचा जोर कमी-जास्त करते आणि शेपटीचं सुकाणू फिरवते. उजवी विमान कलवते आणि नाक वर-खाली करते. अप्पांनी उजव्या दांडीवर बोट ठेवलं मात्र, विमानाला हिवताप भरला. अप्पांनी मान वर करून ते थरथरणं बघितलं आणि पेटी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली.

"नको. हात दाखवून अवलक्षण कशाला."

मला राग आला. अप्पांचा नाही, त्या हाताचा. मी म्हणाले, "तुमीच उतरवणार. मिरगाच्या आधी. मी बघते कसं ते."

कसं ते मला अजिबात माहीत नव्हतं. पण मी बोलून बसले होते, आणि बोललेलं करून दाखवायची मला खोड आहे. अप्पांची इच्छा आता लपलेली नव्हती. त्यांना एकदा, एकदाच, काहीतरी स्वतःच्या हातानं सुखरूप खाली आणायचं होतं. डावा हात शाबूत होता तोवर.

पहिलं काम म्हणजे विमानाचा वेग कमी करणं. त्या शेतात झाडांवरून खाली यायचं आणि बांधाच्या आत थांबायचं, म्हणजे येतानाच हळू यायला हवं. अप्पा म्हणाले, "फलाटावर ब्रेक मारून काय उपेग? ब्रेक घाटातच धराय पायजे." हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्याच्या पुढचं जे होतं ते चुकलं, ते येईलच.

विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंना एकेक लांब पट्टी असते, बिजागरीवर हलणारी. एक वर आणि एक खाली झाली की विमान कलतं. पण दोन्ही एकदम थोड्या खाली झुकवल्या तर पंखाला बाक येतो, तो जास्त हवा धरतो, आणि विमान कमी वेगातही तरंगत राहतं. बगळा चिखलात उतरताना पंख कसे करतो ते आठवा. एकाच पट्टीकडून कलायचं आणि हळू व्हायचं अशी दोन्ही कामं घ्यायची, याला मालक फ्लॅपरॉन म्हणायचे. त्यांच्या नव्या रेडिओत एक बटन दाबलं की हे आपोआप व्हायचं. माझ्या जुन्या पेटीत दोन दांड्यांच्या चार कामांशिवाय पाचवं एक बटन नुसतंच रिकामं होतं, बाकी अक्कल तिची तिला नव्हती. ती मला बाहेरून द्यायची होती.

पट्ट्या हलवायला पंखाच्या मधोमध आगपेटीएवढी मोटार असते, तिला सर्वो म्हणतात. तिच्यापासून दोन तारा दोन पट्ट्यांकडं जातात. मी ठरवलं की ती मोटारच एका सरकत्या पाटावर बसवायची. पाट सरकला की दोन्ही तारा एकदम ओढल्या जातील आणि दोन्ही पट्ट्या बरोबरीनं झुकतील. पाट सरकवायला दुसरी मोटार, आणि ती त्या रिकाम्या बटनाला जोडायची. आता पाट सरकायला रूळ हवेत. कॅसलरॉकच्या घरात रूळ कुठून आणायचे हा प्रश्न पडायला नको होता, पण पेन्सिलीएवढ्या जाडीचे कुठून आणणार? अप्पांनी कपाटावरचा ट्रान्झिस्टर खाली काढला आणि त्याची लांब होणारी एरियल उपटून माझ्या हातात दिली. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, गुळगुळीत, सरळ. दोन तुकडे कापले, झाले रूळ. त्या दिवसापासून आईची धारवाडची गाणी गेली. ट्रान्झिस्टरला तार बांधून बघितली, पण त्यावर फक्त खरखर आणि मधूनच कोकणीतली बातमी यायची.

"दोघंबी येडी झालीसा," आई म्हणाली. पण विमानाच्या इंधनात घालायला एरंडेल लागतं, त्याची बाटली तिनंच भरून आणली.

पाट ढकलणाऱ्या मोटारीच्या दांडीला ओळीनं भोकं असतात. बाहेरच्या भोकात तार अडकवली तर पाट जास्त सरकतो, पट्ट्या जास्त झुकतात. आतल्या भोकात कमी. तार कुठं अडकवायची?

"भायेरच्या," अप्पा म्हणाले.

"एवढं लागंल काय, अप्पा?"

"ब्रेक कमी पडला म्हणून माणसं मेली. ब्रेक जास्त झाला म्हणून कुणी मेल्यालं ऐकलंस काय?"

मी ऐकलं नव्हतं. घाटातल्या कुणीच ऐकलेलं नसेल. आम्ही ज्या घरांत वाढलो तिथं ब्रेक हा देव, आणि देवाला नैवेद्य जास्त झाला म्हणून कुणी हात आखडत नाही. मालकांनी मला बजावून सांगितलं होतं की सुरुवात थोड्यापासून कर. पण मालक बेळगावचे, सपाटीचे. त्यांना उताराचं काय कळतंय, असं मला मनातून वाटलं आणि मी तार सगळ्यात बाहेरच्या भोकात अडकवली.

शनिवारची दुपार. विमान मी झाडांवरून आणलं, बटन दाबलं, आणि विमान हवेतच कुणी शेपूट धरल्यासारखं हळू झालं. इतकं हळू की मामा म्हणाला, "थांबलं की." अप्पांनी माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. तेवढ्यात उजवा पंख जरासा खाली गेला. मी सवयीनं उजवी दांडी डावीकडं ढकलली, पंख वर यावा म्हणून. पंख वर आला नाही. उलट आधीच झुकलेली पट्टी आणखी झुकली, त्या पंखाची हवेवरची पकडच सुटली आणि पुरुषभर उंचीवरून विमान कुशीवर आदळलं. खळ्यावर पिवळ्या चिंध्या. मामीच्या रांगोळीवर एक चाक घरंगळत जाऊन थांबलं.

"ब्रेक जास्त झाला," मी म्हणाले.

"ब्रेक जास्त कधी व्हत न्हाई."

"अप्पा, तुमची गाडी थांबली तर उभी ऱ्हाती. ह्ये थांबलं तर पडतं. ह्याच्याखाली रूळ न्हाईत."

आवाज माझा चढला होता. मामा आणि मामी लगबगीनं तुकडे वेचायला लागले, घरच्या भांडणात बाहेरचे करतात तसं. अप्पांच्या सगळ्या नोकरीत थांबणं म्हणजे सुखरूप असणं, आणि आज पोटची पोर सांगत होती की थांबणं म्हणजेच मरण. एवढं गिळायला वेळ लागणारच. परत येताना अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "म्हंजे पळता पळताच हळू व्हायचं."

"व्हय."

"आणि पळणं सोडायचं न्हाई."

"जमिनीला टेकंस्तोवर न्हाई."

"अति तिथं माती," असं स्वतःशीच म्हणून ते पुढं चालू लागले, आणि तो विषय तिथं मिटला. अप्पांचं हे मला फार आवडायचं. भांडायचे कडकडून, पण पटलं की कुरकुर नाही.

पंख दुरुस्त व्हायला काही आठवडे गेले. या वेळी तार सगळ्यात आतल्या भोकात. उंचावर नेऊन बटन दाबलं, काहीच जाणवलं नाही. एक भोक बाहेर आले. आता पट्ट्या करंगळीच्या पेरापेक्षा थोड्या कमी झुकायच्या. पुन्हा उंचावर, जिथं चूक झाली तरी सावरायला हवा आहे. विमान हळू झालं, पण बटन दाबलं की नाक वर काढायचं, नवा बैल मान वर काढतो तसं. मग शेपटीचा आडवा पंख पेटीवरच्या, उजव्या दांडीशेजारच्या बारीक कडीनं दोन टिचक्या खाली बसवून ठेवला आणि नाक सरळ राहायला लागलं. इंजिनाचा जोर कमी केला की विमान एकाच उतारानं, न डगमगता, खाली खाली यायचं. जोर थोडा वाढवला की उतार सौम्य. अप्पा शेजारी उभे राहून बघत होते. इंजिनानं उतार सांभाळायचा हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"आता एक ध्यानात ठेवायचं," मी त्यांना नियम सांगत होते, जसा त्या आदळण्यानंतर मालकांनी मला सांगितला होता. "ब्रेक एकदा खाली आला की उजव्या दांडीला हात लावायचा न्हाई. कलवायला गेलं की पंख पडतोय, बघितलासा न्हवं? वळवायचं ते नुसत्या शेपटीनं. डाव्या दांडीनं."

"आणि नाक?"

"नाक बांधून ठेवलंय. आपलं आपण ऱ्हातंय."

"जोर?"

"त्योबी डाव्या दांडीवर."

बोलता बोलता मी थांबले. अप्पाही माझ्याकडं बघत राहिले. इतके आठवडे मी त्या थरथरणाऱ्या हाताचं काय करायचं याचा विचार करत होते. दांडीला जड स्प्रिंग लावू का, मनगटाला पट्टा बांधू का. आणि इथं मी माझ्याच तोंडानं सांगत होते की खाली आणताना उजवा हात लागतच नाही. लागत नाही एवढंच नव्हे, तो लावणं हीच चूक. मी हसले आणि मला रडूही आलं, दोन्ही एकदम. अप्पांनी उजवा हात वर धरून त्याच्याकडं बघितलं.

"तुजं काम न्हाई म्हणं," ते हाताला म्हणाले.

उतरवायच्या ठरलेल्या दिवशी आई पहिल्यांदाच शेतावर आली. ऊन कलतं होतं, वारा बांधाकडून झाडांकडं, अगदी हवा तसा. मामानं खळं पुन्हा सारवलं होतं. या वेळी सारवू नकोस असं सांगायची गरज उरली नव्हती. ठरलं असं की मी विमान चढवायचं, फिरवून झाडांवर सरळ रेषेत आणायचं, बटन दाबायचं आणि पेटी अप्पांच्या गळ्यात द्यायची. पुढचं सगळं त्यांचं.

पेटी गळ्यात घातली की अप्पांचा उजवा हात तरीही तिच्याकडं जात होता. आयुष्यभराची सवय, दोन हातांनी काम करायची. अप्पांनी तो पाठीमागं धरला, तर तिथं तो थरथरून सगळ्या अंगालाच हलवायला लागला. आई पुढं आली.

"आणा हिकडं त्यो हात," ती म्हणाली आणि त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहून तिनं तो दोन्ही हातांत धरला. चारचौघांत अप्पांच्या शेजारी न बसणारी माझी आई. मामी तोंडाला पदर लावून दुसरीकडं बघायला लागली. अप्पा म्हणाले, "अगं, सोड की." ती म्हणाली, "तुमी वर बघा." हात शांत झाला असं मी म्हणणार नाही. पण तो एका जागी राहिला.

पहिल्या खेपेला अप्पा फार उंचावरून आले. विमान पडायची भीती गेली नव्हती, जोर सोडायला मन होईना. अर्धं शेत संपलं तरी विमान डोक्याच्या वरच. मी ओरडले नाही, नुसतं "घेते" म्हणून हात पुढं घातला, ब्रेक काढला आणि विमान बांधावरून वर नेलं. अप्पांच्या कपाळावर घाम आलेला.

"उशीर केला मी."

"परत आणते. जोर झाडावरच सोडायचा. घाट सुरू व्हायच्या आधी."

"ठाव हाय मला," ते चिडून म्हणाले, आणि त्या चिडण्यानं मला धीर आला. ड्युटीवर निघताना आईवर चिडायचे तोच हा आवाज होता.

दुसऱ्या खेपेला विमान झाडांच्या शेंड्यांवर येताच त्यांनी डाव्या अंगठ्यानं जोर खाली घेतला, थोडाच, आणि मग आणखी थोडा. विमान उतरणीला लागलं. वाऱ्यानं नाक डावीकडच्या झाडांकडं वळायला लागलं. मी दातांत जीभ धरून उभी. अप्पांचा उजवा खांदा उचलला गेलेला मला दिसला, आईनं पकड घट्ट केलेलीही दिसली. मग डावा अंगठा किंचित आडवा सरकला आणि नाक खळ्यावर परत आलं. अप्पा काहीतरी पुटपुटत होते. जवळ जाऊन ऐकलं तर घाटातल्या वळणांची नावं. ती ओळीनं मला लहानपणापासून पाठ आहेत. एकेक वळण उतरत ते आले, गुडघाभर उंचीवर आल्यावर जोर जरासा वाढवला, विमान एक क्षण जमिनीवर नुसतं तरंगलं आणि चाकं टेकली. सारवलेल्या जमिनीवर ते घरंगळत गेलं, मंद मंद होत, आणि मामीच्या रेघेच्या अलीकडं थांबलं. इंजिन अजून बारीक फुरफुरत होतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामा म्हणाला, "बसलं पाव्हणं."

अप्पांनी आईच्या हातातून हात सोडवून घेतला आणि चालत विमानापाशी गेले. इंजिन बंद केलं. मग खाली उकिडवे बसून त्यांनी पालथ्या हातानं एक चाक चाचपलं, मग दुसरं. घाट उतरून खाली पोचल्यावर ड्रायव्हर आणि गार्ड असंच करायचे. चाक भाजत असलं तर समजायचं की ब्रेक ओरबाडून गाडी आणली.

"गार हाय," ते म्हणाले.

मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले होते. त्यांनी गळ्यातून पेटी काढली. ती देताना त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, लेकीकडं बघतात तसं नाही, फलाटावर समोर उभ्या असलेल्या माणसाकडं बघायचे तसं.

"ब्रेक जरा उशिरा धरतंय," ते म्हणाले. "वाऱ्यात डाव्या अंगाला वढतंय. बाकी गाडी ठीक."

मला उत्तर येत होतं. लहानपणापासून फलाटावर ऐकलेलं होतं, पण ते म्हणायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. अप्पा तसेच उभे राहिले, घाई न करता, मामाच्या खळ्याच्या मधोमध.

"घेतली," मी म्हणाले.

मग अप्पा जागचे हलले आणि आईला म्हणाले, चल, चहा टाक. आणि आज बशीत दे.